नवव्या थांब्यावरची माळजाई

"देवदर्शनाला नाही ना आला?" गेटवरच्या सिक्युरिटीवाल्यानं पुन्हा विचारलं. त्याची नजर आबांच्या हातातल्या पिशवीवर होती. पिशवीतून नारळाची शेंडी बाहेर आली होती, आणि नारळ घेऊन काही कुणी विद्यापीठ बघायला येत नाही.

"नाही हो, वॉक करायला आलोय," मी म्हणाले.

"वॉक करायला." त्यानं आबांच्या पायाकडे बघितलं. घोट्याच्या वरपर्यंत बँडेज, त्यावर वहाण चढेना म्हणून माझ्या नवऱ्याची जुनी सँडल दोरीनं बांधलेली. "हे आजोबा करणार वॉक?"

"डॉक्टरांनी चालायला सांगितलंय."

एवढी धडधडीत थाप मी जन्मात मारली नव्हती. पाय जमिनीला टेकवायचासुद्धा नाही, असं डॉक्टरबाईंनी बजावलं होतं.

सिक्युरिटीवाला मनानं वाईट नव्हता. त्यानं शेजारच्या पाटीकडे बोट केलं. 'स्वयंमार्गदर्शित सांस्कृतिक पदभ्रमण.' मी शाळेत मराठी शिकवते, तरी ते नाव मला एका दमात म्हणता आलं नाही. दर रविवारी बाहेरच्या लोकांना आत सोडतात. रस्त्यावर पिवळी पावलं रंगवली आहेत, त्यांवरून आपलं आपण चालत जायचं. प्रत्येक थांब्यावर एक चौकोनी ठिपक्यांचं चित्र आहे, त्याच्यावर मोबाईल धरला की माहिती ऐकू येते.

"पिवळी पावलं सोडून आत शिरायचं नाही," तो म्हणाला. "आणि तेल, शेंदूर, अगरबत्ती काही चालत नाही बघा. आमचं काय नाही ताई, वरनं ऑर्डर आहे. व्हीलचेअर देऊ का? आहे आमच्याकडं."

"देवाला चाकावर बसून जात्यात व्हय?" आबा मोठ्यानं म्हणाले.

झालं, पितळ उघडं पडलं. मी डोळेच मिटले. उघडले तेव्हा सिक्युरिटीवाला दुसरीकडे, येणाऱ्या एका मोटारीकडे बघत होता आणि हातानं आम्हाला 'जा, जा' करत होता.

आबांच्या पायाची गोष्ट अशी. उन्हाळ्यात बांधावर बाभळीचा काटा मोडला. काटा निघाला, जखम मात्र मुक्कामाला राहिली. साखरेचा आजार आधीपासून होताच. माझा थोरला भाऊ सर्जेराव आबांना एका लेप देणाऱ्या वैद्याकडे नेत राहिला, कारण दवाखान्यात गेलं की कापतात, ही त्याची पक्की समजूत. बोटं काळी पडली तेव्हा मला कळवलं. मी सासरहून आले आणि भांडून आबांना शहरात दाखवलं. डॉक्टरबाई तरुण होत्या. त्या स्पष्ट म्हणाल्या, "गँगरीन आहे. बोटांपुरतं राहिलेलं नाही. गुडघ्याखालून पाय काढावा लागेल, नाहीतर विष वर चढेल. आजच ॲडमिट करा."

आबा म्हणाले, "आईला इचारून सांगतो."

डॉक्टरबाई बिचाऱ्या दाराकडे बघू लागल्या. ऐंशीकडे झुकलेल्या म्हाताऱ्याची आई येते की काय, असं त्यांना वाटलं असावं.

आई म्हणजे माळजाई. आमच्या गावची देवी. आणि विचारायचं म्हणजे कौल लावायचा. देवीच्या दोन्ही खांद्यांवर कण्हेरीची एकेक पाकळी पाण्यानं चिकटवायची, प्रश्न घालायचा आणि हात जोडून उभं राहायचं. उजवी पाकळी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. आमच्या घरात लग्नं, विहिरी, बैलांची खरेदी, सगळं याच्यावर चाललं. माझ्या पहिल्या स्थळाला माळजाईनं डावा कौल दिला होता. तो मुलगा पुढं सभापती झाला, हा भाग वेगळा.

आता अडचण एवढीच होती की आमचं गाव जागेवर नव्हतं. आबा जवान असताना सगळी माळवाडी विद्यापीठासाठी उठवली गेली. लांब कालव्याकडेला वसाहत दिली. माझा जन्म वसाहतीतला. तिथं एक नवी माळजाई बसवली आहे, संगमरवरी, मोठ्या डोळ्यांची, हसरी. पण तिच्या गुळगुळीत अंगावर पाकळी ठरतच नाही. आबा म्हणायचे, "ही देवी पावन्यावानी हाय. ग्वाड बोलती, सल्ला देत न्हाई." खरी माळजाई, शेंदराचा मोठा गोळा, विद्यापीठाच्या आवारातच राहिली. मी लहान असताना कुंपणाला एक खिंड होती, तिथून आम्ही जत्रेला जायचो. पुढं भिंत आली, कॅमेरे आले, गुरव वारला आणि जाणं सुटलं. मग कानावर आलं की विद्यापीठानं देवीला चांगल्या जागी, बागेत बसवलंय. आबांना त्याचं बरं वाटलं होतं. मी मोबाईलवर शोधलं तर या वॉकच्या यादीत नवव्या थांब्यापुढं 'माळजाईची शिळा' असं लिहिलेलं सापडलं.

सर्जेराव यायला तयार नव्हता. तो दारातच मला म्हणाला, "वैजू, तू शिकलेली हाईस. पर तुझं ऐकून पाय तोडला आणि काय इपरीत झालं, तर मी तुला जन्मात माफ करायचा न्हाई. देवीनं सांगितलं तर गोष्ट निराळी."

रिक्षात मी आबांना विचारलं, "डावा पडला तर?"

"तर पायासकट जायाचं."

"आणि उजवा पडला तर?"

"तर हितनंच दवाखान्यात. तिच्या शब्दापुढं मी कवा गेलोय?"

मी तेव्हाच मनात ठरवून टाकलं होतं की उजवी पाकळी जरा कमी भिजवायची आणि डावी चिंब करायची. देवीला काय, एवढी मदत कुणी केली तर ती काही रागावणार नाही. मला आबा हवे होते. पायाचं मला काही नव्हतं.

पहिला थांबा मुख्य इमारतीचा. मी मोबाईल धरला आणि एका मुलीचा स्वच्छ आवाज आला, "नमस्कार. आपण आता उभे आहात विद्यापीठाच्या मुख्य प्रशासकीय इमारतीसमोर."

"नमस्कार," आबा हात जोडून म्हणाले. मग मला हळूच विचारलं, "कुणाची गं पोरगी?"

"रेकॉर्डिंग हाय आबा."

"असं ना का. बोलायला लाघवी हाय."

इमारतीच्या घुमटाची, कमानींची माहिती ते मान हलवत ऐकत राहिले. मला घाई होती. मी म्हटलं, "चला, मधनं जाऊ. बाग त्या तिकडं असंल." आम्ही हिरवळीवर पाऊल टाकलं मात्र, लांबून शिट्टी वाजली. निळ्या कपड्यातला एक माणूस हात हलवत होता. आम्ही परत पिवळ्या पावलांवर आलो. थोड्या वेळानं मी पुन्हा एक आडवाट धरली, पुन्हा शिट्टी. एरवी सरकारी कामात कुणी जागेवर सापडत नाही, आणि इथं रविवारच्या उन्हात झाडामागून माणूस शिट्टी फुंकत होता.

"ऱ्हाऊ दे," आबा म्हणाले. "गावाची परदक्षिणा समज."

ग्रंथालय झालं, खुलं नाट्यगृह झालं. आबा दहा पावलं टाकायचे आणि झाडाला धरून उभे राहायचे. तोंडातून हूं की चूं नाही, फक्त वरचा ओठ घामानं भिजायचा. बँडेजवर ओल दिसायला लागली होती आणि वासही येत होता. समोरून हसत येणारी पोरंपोरी आमच्याजवळ आली की गप्प व्हायची आणि जरा लांबून जायची. मला त्या पोरांचा राग आला, मग माझा मलाच आला. माझा बाप सडत होता आणि मी त्याला नाट्यगृह दाखवत होते.

मला वाटलं होतं, आबा सांगतील, इथं आपला गोठा होता, इथं पार होता. त्यांना काहीच ओळखू येईना. ते चहूकडे बघायचे, "हितं..." म्हणायचे आणि थांबायचे. डोंगराच्या खुणेवर अंदाज बांधावा म्हटलं तर डोंगर वसतिगृहाच्या इमारतींमागं गेलेला. विहीर शोधावी तर तिच्या जागी कारंजं की कारंजाच्या जागी आणखी काही, कोण सांगणार?

"मी हितं जन्मलो गं," ते म्हणाले. त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती. वाट चुकलेल्या माणसानं पत्ता विचारावा तसं ते म्हणाले, आणि पत्ता विचारायला माझ्याशिवाय कुणी नव्हतं.

पाचवा थांबा ग्रामजीवनाचा. एक फायबरची बैलजोडी, गाडी, डोक्यावर घागर घेतलेली फायबरची बाई. तिच्या गळ्यात हात टाकून मुली फोटो काढत होत्या. आबांनी बैलांच्या शिंगांकडे बघितलं आणि नाक मुरडलं. मी मोबाईल धरला. मुलगी बोलू लागली, ग्रामीण संस्कृती, बलुतेदारी, लोकजीवनाची समृद्ध परंपरा. शेवटी म्हणाली, "विद्यापीठाच्या स्थापनेपूर्वी या परिसरात एक छोटी वस्ती होती."

आबा वाट बघत राहिले.

"झालं?" त्यांनी विचारलं.

"झालं."

"परत लाव."

मी परत लावलं. तेच शब्द, तेच वाक्य. आबा मोबाईलजवळ कान नेऊन ऐकत होते. वाक्य संपलं तरी त्यांनी कान काढला नाही. गावाचं नाव येईल असं त्यांना वाटत होतं, आणि मला ते कुठूनही आणून देता येत नव्हतं.

मग ते गाडीच्या चाकापाशी टेकले. पाय लांब केला. आणि मला माहीत असलेलीच गोष्ट पुन्हा सांगू लागले, की साहेब जमिनी मागायला आले तेव्हा अर्धं गाव काठ्या घेऊन उभं होतं. मग जाणत्या माणसांनी ठरवलं, आईला विचारू. गुरवानं पाकळ्या लावल्या. सगळं गाव दिवसभर उपाशी देवळापुढं बसलं.

"आणि उजवी पडली," आबा म्हणाले. "मी पुढंच बसलोतो. उजवी पडली बघ. म्हातारी मानसं रडली, पर एकानं काठी उचलली न्हाई. आईच ऊठ म्हणाली, मग ऱ्हायाचं कसं? तिला न्यायाला गेलो तर ती जाग्यावरनं हलंना. म्हणाली आसंल, तुमी जावा, मी हितं हाय."

"मग?"

"मग काय, आलो की. ती हाय म्हणूनच आलो."

नवव्या थांब्यापर्यंत आम्ही कसेबसे पोचलो. शेवटी शेवटी मी त्यांच्या काखेत खांदा घातला होता. शिल्प उद्यान अशी पाटी दिसली. छान बाग होती, खरंच छान. कापलेली मेंदी, बाक, ओळीनं ओटे आणि ओट्यांवर जुने दगड. ना गार्ड, ना कुलूप. दगडांपुढं नुसती एक बारकी साखळी, लहान मूलही ओलांडून जाईल अशी. मला एकदम हुरूप आला. जे काही अडवणारं होतं ते मागं राहिलं, असं मला वाटलं.

"कुठं हाय?" आबा इकडंतिकडं बघत म्हणाले.

मीही शेंदूर शोधत होते. कुठंच लाल दिसेना. ओट्यांवर थांब्यांचे आकडे होते. नऊ आकड्याच्या ओट्यावर कमरेएवढा उभा काळा दगड होता, धुतलेला, स्वच्छ. त्याच्यावर कोरीव काम होतं. खाली गाई, गाईंपुढं ढाल-तलवार घेतलेला माणूस, त्याच्या पायाशी आडवा पडलेला माणूस. मधल्या पट्टीत दोन बायका त्याला धरून वर नेत होत्या. अगदी वर तो पिंडीपुढं बसला होता आणि त्याच्या डोक्यावर चंद्र-सूर्य.

"ही न्हवं," आबा म्हणाले. "पुढं आसंल."

पुढं दहावा होता, तो एक तुटलेला हत्ती. मी मागं आले. मला कळायला लागलं होतं, पण मी मोबाईल धरला. न धरता कसं चालणार होतं?

"आपल्यासमोर आहे एक वीरगळ," मुलगी म्हणाली. "गाई पळवणाऱ्या शत्रूशी लढताना मरण आलेल्या एका अनामिक वीराचे हे स्मारक. स्थानिक ग्रामस्थ या शिळेला माळजाई या नावाने देवी मानून पूजत असत. संवर्धनाच्या वेळी शेंदराचा अनेक पिढ्यांचा जाड थर काढल्यानंतर मूळ शिल्प प्रकाशात आले. धन्यवाद. पिवळ्या पावलांवरून पुढे चला."

आबा माझ्या तोंडाकडे बघू लागले. मग त्यांनी विचारलं.

"म्हंजे गडी हाय?"

"व्हय."

"मेल्याला?"

"व्हय आबा."

ते साखळी ओलांडून आत गेले. मी धरायच्या आत गेले. दगडाजवळ वाकून त्यांनी हात फिरवला, गाईंवरून, तलवारीवरून, मधल्या बायकांवरून. पिशवीतून पाण्याची बाटली आणि कण्हेरीची फुलं काढली, एक पाकळी ओली केली, आणि हात वर नेला. हात तिथंच राहिला. खांदा कुठं होता? शेंदराच्या त्या गोळ्याला दोन खांदे होते, दोन चांदीचे डोळे होते. इथं छोटी छोटी कितीतरी माणसं होती, सगळी एका बाजूला तोंड करून. आपल्याकडे बघणारं कुणीच नव्हतं. आबांची ओली पाकळी दगडापुढं इकडून तिकडं फिरत राहिली.

"आबा, कुठंबी लावा," मी म्हणाले. "वर लावा. श्रद्धा असली म्हणजे झालं."

पाठ्यपुस्तकातलं वाक्य. बोलले आणि माझी मलाच लाज वाटली.

आबा मागं वळले. एवढ्या आजारात, एवढ्या चालण्यात मी त्यांचा तसा चेहरा बघितला नव्हता.

"मग आमास्नी ऊठ म्हणालं कोण?" त्यांनी विचारलं.

आबा माझ्या बापासारखे नाही, हरवलेल्या पोरासारखे बघत होते, आणि त्यांना पोटाशी धरावं तर ते माझे वडील होते. मी त्यांना धरून साखळीबाहेर आणलं.

ते बाकावर येऊन बसले. मी घाईघाईनं सुरू झाले. दवाखाना, डॉक्टरबाई, आजच्या आज, नकली पाय चांगला मिळतो, आमच्या शाळेतले शिपाई तसल्या पायानं सायकल चालवतात. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"तू ते सांगतीयास गं," ते म्हणाले. "ते मी ऐकलंय. पर माजं मन न्हाई म्हणतंय आणि तुजं व्हय म्हणतंय. मधी कुणीतरी पायजे का नको?"

मग ते बाकाच्या पाठीवर भार देऊन उठले. "उभी ऱ्हा."

"कशाला?"

"सवाशीण हाईस. उभी ऱ्हा हितं. हलू नगंस."

त्यांनी दोन पाकळ्या बाटलीतल्या पाण्यात बुडवल्या. दोन्ही सारख्याच. माझ्या ब्लाऊजच्या बाहीवर, खांद्याच्या गोलाव्यावर एक उजवीकडे लावली, एक डावीकडे. तळव्यानं दाबून बसवली. मला गार लागलं. मी म्हटलं, "आबा, असं नका करू," पण ते मागं सरकले होते. बँडेजच्या पायावर उभे राहून त्यांनी मला हात जोडले. माझ्या बापानं मला हात जोडले.

"आई," ते म्हणाले, "पाय द्यायचा आसंल तर उजवा कौल दे. पायासकट न्यायाचं आसंल तर डावा दे. तू देशील त्ये खरं."

आणि डोळे मिटले.

एक खांदा हलवला की काम झालं असतं. नुसता एक झटका. सकाळी रिक्षात मी देवीलासुद्धा फसवायला तयार होते, आणि इथं तर देवीही नव्हती, मीच होते, माझाच खांदा होता. चार दिवस घसा कोरडा करून मी जे मागत होते ते माझ्या बाहीवर ओल्या पाकळीनं चिकटलं होतं. आणि मला हलता येईना. माझ्या मनात एकदम आलं, मला काय माहीत आहे? डॉक्टरबाईंना तरी काय माहीत आहे? पाय काढला आणि आबा गेले तर? नाही काढला आणि गेले तर? मला जे ठाम वाटत होतं ते इतके दिवस दुसऱ्या कुणीतरी ठरवणार होतं म्हणून ठाम होतं. आता समोर तो म्हातारा डोळे मिटून उभा होता आणि दोन्ही बाजूंना माझ्याशिवाय कुणी नव्हतं. उन्हात पाकळ्या वाळायला लागल्या. मला हुंदका आला. मी तो दाबला. पुन्हा आला.

उजवी पाकळी पडली.

माझ्या रडण्यानं पडली, वाऱ्यानं पडली, की मी खांदा हलवला, मला माहीत नाही. तेव्हाही माहीत नव्हतं.

आबांनी डोळे उघडले. जमिनीवर बघितलं, माझ्या डाव्या खांद्यावर बघितलं. वाकून ती पाकळी उचलली, कपाळाला लावली आणि टोपीच्या घडीत खोचली.

"चल," ते म्हणाले. "आन त्या गेटवरल्या गड्याची चाकाची खुर्ची."

सर्जेराव दवाखान्यात आला तो तणतणतच. आबा खाटेवर होते. त्यांनी टोपीतली पाकळी काढून त्याच्यापुढं धरली. "आईनं उजवा दिला," एवढंच म्हणाले. माझ्याकडे बघितलंही नाही. सर्जेरावाचा सगळा आवाज उतरला. त्यानं पाकळीला हात लावून तो कपाळी नेला, आणि डॉक्टरबाईंना म्हणाला, "कुठं सही करू?"

पाय काढला. पण विष आधीच वर गेलं होतं. ताप उतरेना, डॉक्टरबाई रोज औषध बदलत होत्या आणि रोज आमच्या नजरेला नजर देईनाशा झाल्या होत्या. आठवडाभरानं आबा गेले. स्मशानातून आल्यावर सर्जेराव माझ्या गळ्यात पडून रडला. "देवीनं उजवा दिलता वैजू," तो म्हणाला. "आपल्या हातात काय व्हतं?" तो आजही येणाऱ्या-जाणाऱ्याला तेच सांगतो. मला कुणी एका शब्दानं बोललं नाही. पाय तोडायला लावून बापाला घालवला, असं कुणी म्हणालं नाही. मी मान हलवते.

जायच्या आदल्या संध्याकाळी आबा जरा शुद्धीत होते. सर्जेराव चहाला गेला होता. मी त्यांच्या कानाशी वाकले. मला राहवेना.

"आबा, पाकळी माझ्या खांद्यावरनं पडली. मी हलले आसन. मीच हलले आसन."

त्यांनी मान वळवली.

"तू हलली न्हाईस," ते म्हणाले. "मी बघत हुतो."

डोळे तर त्यांचे मिटलेले होते. मी समोरच उभी होते.